तुरुंगातील पदवी आणि मजुराच्या मुलाचे कर्ज

१ जुलै २०२३ रोजी अमेरिकेतील एक जुना अन्याय कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला. तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारी 'पेल' नावाची केंद्रीय शिष्यवृत्ती त्या दिवसापासून पुन्हा खुली झाली. १९९४ साली ती त्याच्या हातून काढून घेण्यात आली होती. मधल्या सुमारे एकोणतीस वर्षांत अमेरिकेच्या तुरुंगांतून माणसांची एक अख्खी पिढी आत गेली आणि बाहेर आली. त्या पिढीला खडी, कपडे धुण्याचा कारखाना आणि भटारखाना मिळाला. पुस्तक मात्र मिळाले नाही.

ही शिष्यवृत्ती का दिली गेली, का काढली गेली आणि पुन्हा का द्यावी लागली, हा इतिहास समाजवादी कार्यकर्त्याने बारकाईने पाहावा असा आहे. कारण ती काढून घेताना कैद्याच्या विरोधात जो साक्षीदार उभा केला गेला, तो कोणी भांडवलदार नव्हता. तो होता प्रामाणिकपणे कष्ट करणारा मजूर.

अॅटिकाची मागणी

सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अॅटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला. चार दिवस तुरुंगाचा एक भाग त्यांच्या ताब्यात होता. त्यांच्या मागण्यांची यादी आजही वाचण्यासारखी आहे. कामाला कायद्याप्रमाणे किमान वेतन, धर्मस्वातंत्र्य, पुरेसे वैद्यकीय उपचार या मागण्यांच्या बरोबरीने तुरुंगातील शिक्षणाची व्यवस्था सुधारावी, ही मागणीही त्या यादीत होती. राज्यपाल नेल्सन रॉकफेलर यांनी वाटाघाटी सोडून सशस्त्र दले आत घातली. त्या गोळीबारात एकोणचाळीस माणसे मेली. त्यांत दहा ओलीस होते. संपूर्ण प्रकरणात त्रेचाळीस माणसांचा बळी गेला.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, गरीब विद्यार्थ्यांसाठी मूलभूत शैक्षणिक अनुदानाची योजना अमेरिकेच्या संसदेने मंजूर केली. सेनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव तिला पुढे मिळाले. अनुदान कर्जाऊ नव्हते आणि ते मिळण्याची मुख्य कसोटी आर्थिक गरज ही होती. कैद्याला कायद्याने वगळले नव्हते. आणि गरज या कसोटीवर त्याच्याइतका पात्र दुसरा कोण? परिणामी सार्वजनिक महाविद्यालये तुरुंगांत वर्ग घेऊ लागली. १९९० च्या दशकाच्या आरंभी असे साडेतीनशेच्या आसपास अभ्यासक्रम देशभर चालू होते. ही सारी वाटचाल तुरुंगाधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाली, आणि अभ्यासाचे वर्ग चालणाऱ्या तुरुंगात शिस्त राखणे सोपे जाते हे त्यांच्यापैकी अनेकांनी मान्यही केले.

परंतु याच काळात देशाचे राजकारण उलट दिशेने वाहत होते. १९७२ च्या सुमारास अमेरिकेच्या तुरुंगांत तीन लाखांच्या आसपास माणसे होती. २००८ पर्यंत हा आकडा तेवीस लाखांवर गेला. कारखाने बंद पडत होते, शहरांतील कामगार वस्त्या ओस पडत होत्या आणि बेकार तरुणांसाठी राज्यसंस्थेने एकच उद्योग वेगाने वाढवला होता, तो तुरुंगांचा. लोकसंख्येत तेरा टक्क्यांच्या आसपास असलेला कृष्णवर्णीय समाज तुरुंगात मात्र एक-तृतीयांशाच्या घरात आहे. या आकड्यांना केवळ गुन्हेगारी म्हणून मोकळे होता येत नाही.

मजुराचा प्रश्न

१९९४ चा गुन्हेगारी-नियंत्रण कायदा अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने अमलात आला. त्याच्या एका कलमाने कैद्यांची शिष्यवृत्ती संपवली. सभागृहांत त्या कलमाच्या बाजूने केलेला युक्तिवाद साधा आणि प्रभावी होता. पोलिसाची मुलगी, कारखान्यातल्या मजुराचा मुलगा महाविद्यालयाची फी भरण्यासाठी कर्ज काढतो आणि दरोडेखोराला तेच शिक्षण सरकारी खर्चाने मिळते. हा कुठला न्याय?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो विचारणारा मजूर दुष्ट नसतो. त्याच्या घरात खरोखरच कर्ज असते, त्याचा मुलगा खरोखरच रात्रपाळी करून शिकत असतो. शिवाय गुन्ह्याचा पहिला मार बहुधा गरिबाच्याच वस्तीला बसतो. ज्याच्या बहिणीची पर्स हिसकावली गेली, ज्याच्या भावाला भोसकले गेले, त्याला कैद्याच्या शिष्यवृत्तीचे कौतुक सांगताना सांगणाऱ्याने शब्द तोलून वापरले पाहिजेत. पुरोगाम्यांनी अनेकदा ही काळजी घेतली नाही, आणि म्हणूनच १९९४ मध्ये मैदान प्रतिपक्षाच्या हाती गेले.

मात्र प्रश्न प्रामाणिक असला तरी त्याला दिलेले उत्तर अप्रामाणिक होते. त्या सुमारास पेल शिष्यवृत्ती घेणारे विद्यार्थी सुमारे चाळीस लाख होते. त्यांत कैदी होते सुमारे तेवीस हजार. सहाशे कोटी डॉलरांच्या योजनेतून त्यांच्यावर साडेतीन कोटींच्या आसपास डॉलर खर्च होत. म्हणजे शंभरातला एक डॉलरसुद्धा नाही. कैद्यांना वगळल्याने बाहेरच्या एकाही विद्यार्थ्याचे अनुदान वाढणार नाही आणि नाकारलेल्या एकालाही ते मिळणार नाही, असा निर्वाळा केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यानेच १९९४ मध्ये दिला होता. तरीही कलम मंजूर झाले. आणि त्याच कायद्याने तुरुंगबांधणीसाठी राज्यांना ९७० कोटी डॉलर देऊ केले. साडेतीन कोटी वाचवल्याचा डांगोरा आणि ९७० कोटी भिंतींवर. मजुराच्या नावाने केलेला हा हिशेब मजुराला मात्र कोणी दाखवला नाही.

मजुराच्या मुलाचे काय झाले? त्याचे कर्ज कमी झाले नाही. राज्यांनी सार्वजनिक विद्यापीठांवरील खर्चात हात आखडता घेतला, फी चढत गेली आणि आज अमेरिकेतील शैक्षणिक कर्जाचा डोंगर १.६ लाख कोटी डॉलरांच्या वर गेला आहे. हा डोंगर तेवीस हजार कैद्यांनी उभारला नव्हता. शिक्षण हा बाजारातील माल आहे असे ठरवणाऱ्या धोरणाने तो उभारला. कैद्याचे पुस्तक काढून घेऊन मजुराला एवढेच समाधान देण्यात आले की आपल्याहून खाली असलेल्या माणसाला आपल्याहून कमी मिळते. भांडवलशाहीत हे समाधान फार स्वस्त असते, म्हणून ते वारंवार वाटले जाते.

कायदा होताच तुरुंगातील अभ्यासक्रम भराभर बंद पडले. काही वर्षांतच ते बोटांवर मोजण्याइतके उरले. न्यूयॉर्क राज्याने १९९५ मध्ये आपले स्वतःचे अनुदानही कैद्यांसाठी थांबवले. ते परत मिळायला २०२२ साल उजाडावे लागले.

वर्ग पुन्हा भरले

जे टिकले ते काही थोड्या संस्थांच्या हट्टामुळे टिकले. न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयाने एका विद्यार्थ्याच्या पुढाकाराने तुरुंगात पदवीचे वर्ग सुरू केले. त्याच तुरुंगविद्यार्थ्यांच्या वादविवाद संघाने २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाला हरवले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी नवल केले. नवल करण्याजोगी गोष्ट वेगळीच होती. त्या संघाजवळ इंटरनेट नव्हते. हवा असलेला लेख वा ग्रंथ तुरुंग प्रशासनाच्या मंजुरीने, कधी कधी कित्येक आठवड्यांनी हाती येई. त्यांना मांडायला मिळालेली बाजू होती ती कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत प्रवेश नाकारण्याची मुभा असावी, ही. ज्यांना स्वतःला शिक्षण नाकारले गेले होते त्यांनी स्वतःच्या मनाविरुद्धची ही बाजू मांडली आणि जिंकली.

कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये याहून महत्त्वाचे पाऊल उचलले. तेथील सामुदायिक महाविद्यालये ही सार्वजनिक मालकीची आहेत. तुरुंगात जाऊन समोरासमोर शिकवलेल्या विद्यार्थ्यामागेही महाविद्यालयाला बाहेरच्या विद्यार्थ्याप्रमाणेच राज्याकडून पैसा मिळावा, असा कायदा त्या वर्षी झाला. त्या महाविद्यालयांत गरीब विद्यार्थ्याची फी मुळातच माफ असते. ती सवलत कैद्यालाही लागू पडते. मजुराच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे सापडते. जेथे बाहेरच्या गरिबाला फी नाही, तेथे आतल्या गरिबाला ती नसल्याचे कोणाला खुपत नाही. काही वर्षांतच राज्याच्या जवळजवळ सर्व तुरुंगांत महाविद्यालयीन वर्ग भरू लागले.

२०१५ मध्ये ओबामा सरकारने प्रयोग म्हणून निवडक महाविद्यालयांमार्फत शिष्यवृत्ती पुन्हा देऊन पाहिली. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने १९९४ चे कलम रद्द केले आणि २०२३ मध्ये तो बदल अमलात आला.

हिशेबी दयेची मर्यादा

हा बदल घडवून आणताना जो युक्तिवाद सर्वांत उपयोगी पडला तो खर्चाचा. रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जुन्या अनेक अभ्यासांचा एकत्र पडताळा घेतला. तुरुंगात शिक्षण घेतलेला माणूस पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता न घेतलेल्याच्या तुलनेत त्रेचाळीस टक्क्यांनी कमी असते आणि शिक्षणावर खर्चलेल्या एका डॉलरामागे पुढील तीन वर्षांत तुरुंगखर्चाचे चार ते पाच डॉलर वाचतात, असा त्याचा निष्कर्ष होता. कॅलिफोर्नियात एका कैद्याला वर्षभर डांबून ठेवण्यास एक लाख डॉलरांहून अधिक खर्च येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा राज्यकर्त्यांवर प्रभाव का पडला ते कळते.

हे आकडे वापरू नयेत असे कोणी म्हणणार नाही. सभेत, निवेदनात, विधिमंडळात ते वापरलेच पाहिजेत. परंतु चळवळीने आपला पाया त्यांवर घालू नये. कारण जो हक्क खर्च वाचतो म्हणून दिला जातो, तो खर्च वाचेनासा झाला की काढूनही घेतला जातो. जन्मठेपेचा जो कैदी कधीच बाहेर येणार नाही, त्याच्या शिक्षणाने तिजोरीचा कोणता डॉलर वाचणार आहे? हिशेबी दयेच्या दृष्टीने तो तोट्याचा विद्यार्थी ठरतो. गिरणीमालकाच्या मुलाला महाविद्यालयात पाठवताना तो पुढे गुन्हा करील की नाही याची आकडेवारी कोणी मागत नाही. शिक्षण हे माणसाच्या माणूसपणाचे अंग आहे, हा विचार ज्यांना मान्य आहे त्यांनी कैद्याच्या बाबतीतच वेगळा ताजवा का वापरावा?

न्यायालयाने शिक्षा म्हणून स्वातंत्र्य काढून घेतले. बुद्धी काढून घेण्याची शिक्षा कोणत्याही दंडसंहितेत लिहिलेली नाही.

नव्या व्यवस्थेतही दोष आहेत, आणि तेही याच मुळापासून निघालेले आहेत. महाविद्यालयाला वर्ग भरवण्यासाठी तुरुंग प्रशासनाची मान्यता लागते. अभ्यासक्रम कैद्यांच्या हिताचा आहे की नाही याचा निर्णयही प्रशासनच देते. सत्र अर्ध्यावर आले असता विद्यार्थ्याची दुसऱ्या तुरुंगात बदली होऊ शकते. शिवाय अमेरिकेच्या राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द करताना शिक्षा झालेल्या गुन्हेगाराचा अपवाद ठेवला, तो कायम आहे. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा या राज्यांत कैद्यांना बहुतेक कामांचे वेतनच मिळत नाही. अॅटिकाच्या यादीतील वेतन आणि शिक्षण या मागण्या एका श्वासात केलेल्या होत्या. राज्यकर्त्यांनी दुसरी अंशतः मानली आणि पहिली बाजूला ठेवली.

सुटकेनंतरची भिंत

तुरुंगाचे दार उघडले तरी महाविद्यालयाचे दार उघडतेच असे नाही. अमेरिकेत प्रवेशअर्जावर एक रकाना असे: 'आपणांस कधी गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे काय?' न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठातील अर्जांची २०१५ मध्ये पाहणी झाली तेव्हा आढळले की ज्यांनी या रकान्यात 'होय' लिहिले त्यांच्यापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश अर्जदारांनी अर्ज पुराच केला नाही. विद्यापीठाने नाकारण्यापूर्वीच ते मागे फिरले. जादा कागद, जादा चौकशी, जादा अपमान एवढ्याने ते काम भागले. पुढच्याच वर्षी त्या विद्यापीठाने रकाना काढला. २०१७ मध्ये लुइझियाना राज्याने तसा कायदा केला.

या भिंतीला पहिले भगदाड पाडणारा माणूस स्वतः आतून आलेला होता. जॉन अर्विन याने सशस्त्र दरोड्याबद्दल कॅलिफोर्नियात पाच वर्षे तुरुंगवास भोगला, सुटल्यावर तो समाजशास्त्र शिकला आणि प्राध्यापक झाला. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी महाविद्यालयात त्याने सुटलेल्या कैद्यांना थेट प्रवेश मिळवून देणारा उपक्रम काढला. तो आज कॅलिफोर्नियाच्या अनेक सरकारी विद्यापीठांत चालू आहे. अर्ज कसा भरावा, राहायला जागा कोठे मिळेल, पहिल्या महिन्याचा बसखर्च कोठून आणावा, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर त्याचा भर आहे. या क्षुल्लक गोष्टींपायीच माणसे परत फिरतात, हे आत राहून आलेल्याला ठाऊक असते.

भारतातील चित्र

भारतीय समाजवाद्यांना तुरुंगातील अभ्यासाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसावी. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगातील चर्चांतून आकाराला आली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि त्यांच्या साथींनी उपोषण केले त्या मागण्यांत वाचनसाहित्याची मागणी होती. त्याच उपोषणात त्रेसष्टाव्या दिवशी जतीन दास यांनी देह ठेवला. स्वातंत्र्यानंतर, भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेले मुंबईचे कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात अणुविज्ञानावर मराठीत ग्रंथ लिहिला. तो प्रकाशनासाठी बाहेर पाठवू देण्यास सरकारने नकार दिला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा तो नकार बेकायदा ठरवला.

या परंपरेचा अभिमान योग्यच आहे. तथापि तिच्यात एक उणीव आहे. पुस्तक मिळाले ते मुख्यतः राजबंद्यांना. त्याच भिंतीआड चक्की पिसणाऱ्या आणि खडी फोडणाऱ्या 'क' वर्गातील साध्या कैद्याला ते मिळाले नाही, आणि त्याला ते मिळावे यासाठी बाहेर मोर्चेही निघाले नाहीत.

तो साधा कैदी आज कोण आहे? २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत सुमारे शहात्तर, कच्चे कैदी होते; त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. तुरुंगांत डांबलेल्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश माणसे अनुसूचित जाती, जमाती आणि अन्य मागास वर्गांतील आहेत. निम्म्याहून अधिक माणसांनी दहावीचे तोंड पाहिलेले नाही. महाराष्ट्रात पारध्यांसारख्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय मात्र पोलीस ठाण्याच्या भिंतीवर तसाच राहिला.

काहीच होत नाही असे नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे काही मध्यवर्ती कारागृहांत आहेत. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कैद्याला शिक्षेत सूट मिळण्याची तरतूद आहे. परंतु सूट मिळते ती ठोठावलेल्या शिक्षेतून. ज्याला शिक्षाच झालेली नाही त्या कच्च्या कैद्याला कशातून सूट देणार? तो आज सुटेल की पाच वर्षांनी, हे ठाऊक नसताना त्याने तीन वर्षांच्या पदवीला नाव कसे नोंदवावे? तारखेला नेण्यासाठी पोलीस पहारा उपलब्ध नसतो, तेथे परीक्षेला नेण्यासाठी तो कोठून येणार? अमेरिकेत प्रश्न शिक्षा झालेल्यांचा आहे. भारतात तो प्रथम खटला न चाललेल्यांचा आहे. म्हणून येथे तुरुंगातील शिक्षणाची मागणी जलद न्यायाच्या मागणीपासून सुटी करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, तर काही अपवाद सोडता त्याला जामिनावर सोडायचे आहे. हे कलम तुरुंगातील निरक्षराला वाचून दाखवायलासुद्धा कोणीतरी साक्षर माणूस आत जावा लागतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. एल्गार परिषद खटल्यातील एका कच्च्या कैद्याने तुरुंगातून प्रवेशपरीक्षा दिली आणि मुंबईच्या एका विधी महाविद्यालयात त्याला जागा मिळाली. व्यावसायिक अभ्यासक्रमाला हजेरी आवश्यक असते, असा आक्षेप घेण्यात आला. रीतसर जागा मिळाली असता प्रवेशाची संधी नाकारणे हा मूलभूत हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण ज्याच्यासाठी वकील उभा राहतो त्याच्यापुरते दार उघडले, तर राजबंदी आणि 'क' वर्ग हा जुना भेद नव्या रूपात चालू राहील.

कार्यकर्त्यांपुढील काम

मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक मध्यवर्ती आणि जिल्हा कारागृहात मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र असावे आणि तेथे शिक्षक प्रत्यक्ष जावा. केवळ पुस्तकांचे गठ्ठे पाठवून शिक्षण झाल्याची नोंद होऊ नये. कच्च्या कैद्याला थोड्या मुदतीचे, सुटल्यावर बाहेर पुढे नेता येतील असे अभ्यासक्रम मिळावेत. विद्यार्थी-कैद्याची सत्राच्या मध्यावर बदली करू नये. सुटलेल्या माणसाला महाविद्यालयात, वसतिगृहात आणि शिष्यवृत्तीत केवळ जुन्या खटल्याच्या नोंदीवरून नाकारू नये. तुरुंगातील श्रमाला किमान वेतन द्यावे, म्हणजे फीचा प्रश्न दयेवर सोडावा लागणार नाही.

आणि या मागण्यांच्या आधी व नंतर, शहरातील व खेड्यातील प्रत्येक श्रमिकाच्या मुलाला महाविद्यालयीन शिक्षण विनामूल्य मिळावे ही जुनी मागणी तितक्याच जोराने करावी लागेल. १९९४ चा अमेरिकेतील धडा हाच आहे. मजुराच्या मुलाला कर्जात ठेवून कैद्याच्या हाती पुस्तक देता येते, पण ते त्या हातात टिकत नाही. पहिल्याच निवडणुकीत कोणीतरी ते मजुराच्याच नावाने हिसकावून घेतो. ज्या दिवशी दोघांच्या हाती पुस्तक असेल, त्या दिवशी हिसकावणाऱ्याला साक्षीदार मिळणार नाही.